जीप घरची, वायरी सगळ्यांच्या

गोंदिया जिल्ह्यात ज्या घरांच्या अंगणात एकेकाळी जीप उभी असे, त्या घरांतली आमची पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. राइस मिलवाले, तेंदूपत्त्याचे ठेकेदार, विडी कंपन्यांचे सट्टेदार, जुन्या मालगुजारांचे वारस आणि एखाद-दुसरे डॉक्टर, एवढ्याच घरांत ती असायची. कोणाची जीप कोणत्या वाटेनं निघाली हे तेव्हा नुसत्या आवाजावरून ओळखू यायचं, कारण ओळखायला दुसरी गाडीच नसे.

आमची जीप अर्जुनी-मोरगाव तालुक्यातली. आर. सी. बुकात नाव आजोबांचं. पण ती चालवायचे मोठे काकाजी, तिच्या खर्चाची वही ठेवायचे बाबूजी, तिला धुवायचो आम्ही पोरं. आणि ती कधी, कुठे, कोणासाठी निघेल हे ठरवायची आजी. मागच्या दोन समोरासमोरच्या बाकड्यांवर आम्ही चुलत-आते भावंडं, लोणच्याच्या बरण्या, तांदळाचा कट्टा आणि वाटेत चढलेला कोणी पाहुणा असे सगळे कसे मावायचो, हे आज आमच्या मुलांना सांगून पटत नाही. त्यांच्या गाडीत पाचवा माणूस बसला की पट्टा कोणाचा यावरून वाद होतो.

तेव्हा हा सगळा भंडारा जिल्हाच होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे आमची जीप म्हातारी झाल्यावर. पक्का म्हणावा असा रस्ता एकच, कोलकात्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६, कोहमारा आणि देवरीवरून पुढे छत्तीसगडकडे सरकणारा. तो सोडून आत वळलं की मातीचा रस्ता, नाल्यावर रपटा आणि पावसाळ्यात रपट्यावर पाणी. गोंदियाला जायला छोटी लाईन होती; तिच्या गाडीत बसायचं म्हणजे अख्खा दिवस तिच्या नावे लिहून द्यायचा. पुढे नव्वदच्या दशकात ती मोठी झाली. त्याआधी जीप हीच आमची आडव्या-तिडव्या रस्त्यांची गाडी. हल्ली माझा पुतण्या मित्रांबरोबर पैसे भरून ‘ऑफ-रोडिंग’ला जातो. आमच्या लहानपणी दवाखाना, बाजार, शाळा, सगळं ऑफ-रोडच होतं, आणि त्याचं कोणाला कौतुक नव्हतं.

महिंद्रांनी १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धातल्या डिस्पोजलच्या जीपाही देशभर फिरत होत्या. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी त्याच युद्धाच्या काळातली. पुढे उंच बोनेटची सीजे ३बी आली आणि आमच्या भागात ‘जीप’ म्हटलं की तीच डोळ्यांसमोर येऊ लागली. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं. आपल्याकडे मात्र ते पुढेही कितीतरी वर्षं बनत राहिलं. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून लष्करासाठी जोंगा तयार होऊ लागल्या. फौजेनं काढून टाकल्यावर लिलावातून बाहेर पडलेली एखादी जोंगा आमच्याकडेही दिसे. तिच्याकडे आम्ही आदरानं बघायचो आणि आजोबा तिच्या पेट्रोलचा हिशेब करून मान फिरवायचे.

आमचीही जीप आधी पेट्रोलचीच. पावसाळ्यात नाल्याच्या अलीकडे काकाजी ती थांबवायचे, बोनेट उघडायचे आणि पंख्याचा पट्टा ढिला करायचे. पट्टा घट्ट असला की पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटरवर मारतो, ठिणगी मरते आणि इंजिन बंद पडतं. एवढं करूनही ती कधी कधी भर पाण्यात थांबायचीच. मग आजोबांच्या खांद्यावरचा दुपट्टा मागायचा, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून कोरडी करायची, पुन्हा बसवायची आणि हँडल मारायचं. तोवर आजी मागच्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसलेली. ती एक शब्द बोलायची नाही. तिचं न बोलणं काकाजींना पाण्याच्या धारेपेक्षा जड जायचं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं. काही घरांनी जीपा विकल्या, काहींनी ताडपत्रीखाली ठेवल्या. ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जीपांत प्यूजोचं २.१ लिटरचं डिझेल इंजिन येऊ लागलं, तेव्हा जुन्या जीपांतही तेच बसवून घेण्याची लाट आली. आमच्याकडेही ते बसलं आणि आर. सी. बुकात त्याची नोंद झाली. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. कोंडलेली हवा दाबानं इतकी तापते की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पंप सगळा यांत्रिक. त्यामुळे एकदा सुरू झालं की या इंजिनाला विजेची गरजच उरत नाही. बॅटरी काढून बाजूला ठेवली तरी ते धडधडत राहील. बंद करायलाही चावी नव्हे, डॅशवरची स्टॉपची केबल ओढावी लागते. सकाळी थंडीत हीटर प्लग तापवायला आणि सेल्फ मारायला तेवढी वीज हवी. तीही नसली तर उतारावर ढकलायला आम्ही पोरं होतोच.

ज्या यंत्राला विजेची गरज इतकी थोडी, त्याच्या पोटात इतक्या वायरी कुठून आल्या, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला.

उत्तर सोपं आहे. जीपच्या इंजिनाला वीज नको होती, पण घराला हवी होती. गावात वीज आलेली असली तरी ती असेलच असं नव्हतं, आणि शेतात, जंगलात, तेंदूपत्ता गोळा करायच्या फळीवर तर नव्हतीच. अंगणात उभी असलेली १२ व्होल्टची बॅटरी हा घरातला सर्वांत भरवशाचा प्रकाश होता. मग ज्याला गरज पडेल त्यानं तिथून एक वायर ओढायची.

पहिली वायर आजोबांची, स्पॉट लाइटची. काचेच्या चौकटीला उजवीकडे तो दिवा बसवलेला, हातानं फिरवायचा. त्या पिढीतले बरेच जण शिकारीला जायचे आणि त्याच्या गोष्टी आम्हाला सांगायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा विषय संपला. नागझिरा त्याआधीच, १९७० मध्ये, अभयारण्य झालं होतं. पण दिवा राहिला. धान पोटरीला आलं की रानडुकरांपासून राखण करायला तो बांध्यांवर फिरायचा. पुढे राखणीच्या पद्धती बदलल्या, तरी दिवा तिथेच.

दुसरी वायर भोंग्याची. दिवाळीतल्या भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव जत्रेसारख्या मंडया सुरू होतात. ज्या गावची मंडई, त्या गावात रात्री नाटक किंवा दंडार. झाडीपट्टीच्या नाटकाचा प्रचार तेव्हा जीपवरूनच व्हायचा. टपावर दोन भोंगे बांधायचे, मागे अॅम्प्लिफायर ठेवायचा, बॅटरीवरून त्याला वीज द्यायची आणि आजूबाजूची गावं पालथी घालायची. आमच्या आतेभावाचा आवाज त्या कामाला लागायचा. ‘आज रात्री ठीक साडेनऊ वाजता’ असं तो इतक्या ठामपणे म्हणायचा की मध्यरात्री पडदा उघडला तरी लोकांना वेळेवरच आल्यासारखं वाटे. मंडळाचं काम म्हणून त्या वायरीला कोणी घरातलं मानलं नाही, पण काढलीही नाही. पुढच्या वर्षी लागेलच, हे कारण.

तिसरी वायर रामायणाची. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी ते दूरदर्शनवर सुरू झालं आणि दर रविवारी वीज जाईल की राहील या धास्तीनं घर वेठीला धरलं गेलं. बाबूजींनी १२ व्होल्टवरही चालणारा छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला. जीप खिडकीला लावून उभी करायची, डॅशखालून काढलेली लांब वायर खिडकीतून आत घ्यायची आणि चिमटे टीव्हीला लावायचे. ओसरीवर, अंगणात, कुडाच्या कुंपणावर माणसं. आजी हात जोडून बसायची. टीव्हीसमोर की जीपसमोर, हे सांगणं कठीण होतं. वीज आहे आणि आम्ही जीपवर टीव्ही लावलाय, असंही पुष्कळदा झालं. धोका कोण पत्करणार?

त्यानंतर हिशेब राहिला नाही. टेपरेकॉर्डरची वायर काकाजींच्या थोरल्या मुलाची. मिलमधून पोती नेणाऱ्या ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांची वायर बाबूजींची. धाकट्या आत्याच्या लग्नात वरातीसाठी जीपभर लावलेल्या छोट्या बल्बांची माळ निघाली, पण तिची मुख्य वायर राहिली. तेंदूपत्त्याच्या हंगामात, भर मे महिन्यात, फळीवर रात्री पुडे मोजायला लावलेल्या ट्यूबची वायर. दोन हजारच्या दशकातल्या भारनियमनात इन्व्हर्टरला जोडलेली जाडजूड वायर. आणि शेवटी मोबाइलच्या चार्जरची. प्रत्येक जण वायर टाकताना जवळची जिवंत वायर शोधायचा, तिचं कातडं ब्लेडनं सोलायचा, आपली वायर तिला पिळायचा आणि वर काळी टेप. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उष्म्यात टेपचा गोंद वितळून वायरी एकमेकींना चिकटायच्या. डॅशखाली हात घातला की धानाच्या पऱ्ह्याची पेंडी हाताला लागावी तसं वाटायचं: मुळं कोणाची कोणात गेली, कळायला मार्ग नाही.

हे सगळं असूनही जीप चालत राहिली, कारण इंजिनाला या गोंधळाशी देणंघेणं नव्हतं. काकाजी गेले, घरं नागपूर-पुण्याला पांगली, मिल दुसऱ्याच्या हाती गेली. जीप शेडमध्ये धानाच्या पोत्यांशेजारी उभी राहिली आणि पोत्यांवर पोसलेल्या उंदरांनी तिच्या वायरी चाखल्या. मध्येच कोणी गावी आलं की तिला धक्का मारून एखादी फेरी मारायचं. अशाच एका फेरीत, मंडईच्या वाटेवर, डॅशखालून धूर निघाला. चुलत भावानं उडी मारून बॅटरीचा पट्टा उपटला म्हणून निभावलं. नंतर पाहिलं तर फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. ती कोणी, कोणत्या काळात गुंडाळली होती, देव जाणे. फ्यूजचं काम वितळण्याचं. चांदी वितळली नाही, म्हणून वायर वितळली.

त्या दिवाळीत सगळे एकत्र होतो. जीप विकायची की ठेवायची यावर पहिल्यांदा स्पष्ट बोलणं झालं. ठेवायची ठरली आणि ठेवायची तर वायरिंग पहिल्यापासून, हेही ठरलं. पुतण्याला विंच, उंच टायर आणि टपावर एलईडीचा लांबलचक बार हवा होता. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. ते त्याला सांगितल्यावर टायरांचा विषय मिटला. बार मात्र चुलत बहिणीनं मिटवला. ती नागपूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ती म्हणाली, ‘‘आपण वायरी कमी करायला बसलोय ना? मग पहिलीच गोष्ट वाढवायची कायले?’’

गोंदियाहून एक म्हातारे बॅटरीवाले मिस्त्री आले. त्यांनी काकाजींच्या वेळेपासून ही जीप पाहिलेली. बोलणं गोंदियाच्या बाजारातलं, अर्धं हिंदी. आल्या आल्या त्यांनी बॅटरीच्या निगेटिव्ह पट्ट्याकडे बोट दाखवलं: ‘‘पहले ये निकालो. फिर अर्थ देखो. बाकी सब बाद में.’’ जुन्या गाडीतले अर्धे आजार अर्थिंगचे असतात, हा त्यांचा सिद्धान्त, आणि तो खरा ठरला. जीपमध्ये वीज बॅटरीतून वायरीनं जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडातून. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी लागते. आमच्या जीपची पट्टी गंजून तिच्या चार तारा उरल्या होत्या. सेल्फ मंद फिरतो म्हणून घरानं कितीदा बॅटरी बदलली असेल. दोष त्या पट्टीचा होता. रंग खरवडून, लोखंड चकचकीत करून नवी पट्टी बसवली, वर ग्रीस फासलं, आणि सेल्फचा आवाजच बदलला.

मग उकलणं सुरू झालं. बहिणीनं वहीत नकाशा काढायला घेतला. प्रत्येक वायरीला जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा दोऱ्यानं बांधायचा आणि त्यावर लिहायचं: कुठून निघाली, कुठे गेली. टेस्ट लॅम्प लावून एक जण टोक धरायचा, दुसरा शोधायचा. आधी मेलेल्या वायरी निघाल्या. पेट्रोल इंजिनाच्या कॉइलची वायर डिझेल बसल्यापासून हवेत लटकत होती. जुन्या डायनॅमोच्या कटआउटकडे जाणाऱ्या वायरी अल्टरनेटर आल्यावरही तशाच. त्या काढल्या आणि वायरींचा ढीग शेडच्या फरशीवर वाढायला लागला. ढीग पाहून बाबूजी दोनदा आत येऊन गेले. ‘‘यातली तांब्याची वेगळी ठेवा रे,’’ एवढंच म्हणाले.

नंतर कागदावर आम्ही उलटा प्रश्न विचारला: या गाडीला खरंच काय लागतं? सुरू व्हायला सेल्फ, हीटर प्लग आणि चार्जिंग. रस्त्यावर चालायला आणि आरटीओच्या तपासणीत पास व्हायला हेडलाइट, मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर. पुढे मीटर. संपलं. डावा हेडलाइट एका फ्यूजवर आणि उजवा दुसऱ्यावर, म्हणजे एक फ्यूज गेला तरी जंगलाच्या रस्त्यावर अंधार होणार नाही. असे मिळून आठ फ्यूज. हीटर प्लगला भरपूर करंट लागतो, म्हणून त्याची जाड वायर, स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र मोठा फ्यूज.

हेडलाइटचं गणित बहिणीनं पोरांना फरशीवर खडूनं मांडून दाखवलं. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट. १२ व्होल्टला भागलं की १० अँपिअर. युद्धातल्या जीपला ६ व्होल्टची बॅटरी असे, तिच्यावर हाच उजेड हवा असता तर २० अँपिअर लागले असते. हा सगळा १० अँपिअरचा ओघ आमच्या जीपमध्ये बॅटरीपासून डॅशवरच्या स्विचपर्यंत आणि तिथून पुन्हा पुढे दिव्यांपर्यंत जायचा. वाटेत प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा व्होल्ट गळायचा, म्हणून दिवे कंदिलासारखे पिवळे. रिले बसवला की मोठा करंट बॅटरीजवळूनच थेट दिव्यांकडे जातो. स्विचला फक्त रिलेला इशारा द्यायचा असतो, त्याला पाव अँपिअरही लागत नाही. पहिल्या रात्री दिवे लागले तेव्हा समोरच्या भिंतीवरचा चुना पांढरा दिसला. बल्ब तेच होते.

अँपिअर मीटरवरून थोडी खडाजंगी झाली. तो काकाजींचा लाडका. गाडी चालवताना त्यांची एक नजर त्या काट्यावर असे. पण सेल्फ सोडला तर बॅटरीतून जाणारा-येणारा जवळजवळ सगळा करंट या मीटरमधून जातो. म्हणजे जाड जिवंत वायर, फ्यूजशिवाय, बोनेटमधून डॅशपर्यंत येते आणि परत जाते. धूर निघाला तोही याच वाटेवर. त्याच्या जागी व्होल्टमीटर बसवला: गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, सुरू असताना १४ च्या आसपास म्हणजे अल्टरनेटर ठीक. माहिती तीच मिळते आणि मोठी वायर बाहेरच राहते. जुना मीटर आता थोरल्या भावाकडे आहे.

बाकीचं काम चिकाटीचं होतं. पिळलेला सांधा एकही ठेवायचा नाही. लग दाबून बसवायचे, वर स्लीव्ह. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, नाहीतर पत्र्याची धार हादऱ्यानं वायर कापते. वायरींची वाट सायलेन्सरपासून लांब, चासीच्या आतल्या अंगानं. फ्यूजबॉक्स उंच, कारण रपटे अजून आहेत. मुख्य फ्यूज बॅटरीला जितका जवळ बसेल तितका जवळ, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कोणीच वाली नसतो. उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या ठेवून पाहिल्या. उंदरांनी त्यांची दखल घेतली नाही. शेवटी जीपचीच जागा बदलली, धानापासून लांब.

स्पॉट लाइटची वायर कापताना कोणी काही बोललं नाही. भोंग्याची, रामायणाची, इन्व्हर्टरची, सगळ्या गेल्या. प्रत्येक वायर निघाली की तिची गोष्ट निघायची आणि काम थांबायचं. मिस्त्री हसायचे, पण थांबायचे.

एका वायरीची गोष्ट मात्र कोणालाच सांगता येईना. ती मागच्या बाजूला जात होती, हुडाच्या लोखंडी कमानीला सुतळीनं बांधलेली, आणि टोकाला लहानसा होल्डर, बल्ब नसलेला. मिस्त्रींना माहीत नव्हती, बाबूजींना आठवेना. चुलत भावानं कटर लावला, तेवढ्यात मोठ्या काकू चहा घेऊन आल्या.

‘‘थे राहू दे बाबू. थे तुही वायर आहे.’’

तो जन्मला तेव्हा श्रावण होता. नाल्याला पाणी, वीज गेलेली, आणि काकूंना गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात न्यायला जीप निघाली. दवाखाना गाठण्याआधीच, रस्त्याच्या कडेला, हूड लावलेल्या जीपमध्ये तो झाला. आजी सोबत, गावची दाई सोबत, आणि उजेड एका कंदिलाचा, जो वाऱ्यानं दोनदा विझला. घरी आल्यावर आजीनं काकाजींना एवढंच सांगितलं की मागे दिवा पाहिजे. काकाजींनी त्याच आठवड्यात तो लावला. त्यानंतर गावातल्या कितीतरी बायका त्या दिव्याखाली बसून गोंदियाला गेल्या. काकू नावं घेत गेल्या: या घरची सून, त्या घरची लेक, मोहाच्या झाडाजवळच्या घरातली दोन्ही. रस्त्यावर कुठे, कसा जन्मलो हे त्या भावाला लहानपणापासून पाठ होतं. वायरीचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बायकांच्या बाकड्यावरचा दिवा. पुरुषांपैकी कोणाच्या लक्षात राहील?

वायर खराबच होती, ती काढली. त्याच वाटेनं नवी टाकली, नवा होल्डर, लहान एलईडी बल्ब आणि स्वतःचा फ्यूज. आठाचे नऊ झाले. बहिणीनं नकाशात त्या ओळीपुढे काकूंचं नाव लिहिलं.

आमच्या पिढीच्या घरांचा एक स्वभाव होता: कोणी काही जोडलं की काढायचं नाही. माणसं, भांडी, नाती, वायरी, सगळ्यांना हाच नियम. त्यात माया होती आणि आळसही होता. जीपमध्ये तो आळस धूर होऊन बाहेर आला. आता इतक्या वर्षांनी मला वाटतं की सुटसुटीत करणं म्हणजे कमी करणं एवढंच नाही. प्रत्येक गोष्ट कोणाच्या गरजेची होती हे आधी विचारायचं, गरज संपली असेल तर ती मोकळ्या मनानं काढायची आणि संपली नसेल तर नीट, नव्यानं, फ्यूजसकट बसवायची. न विचारता सगळं कापणारा आणि काहीच न कापणारा, दोघंही घराचं सारखंच नुकसान करतात.

गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे अशा जीपा अजून पुष्कळ शेडांत उभ्या आहेत. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं, पुढे दर पाच वर्षांनी. ते कागद आधी बघा. वायरिंगला हात घालण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह पट्टा काढा. नकाशा काढा आणि काम झाल्यावर त्याची एक प्रत गाडीतच ठेवा, पुढच्या मिस्त्रीला आणि पुढच्या पिढीला लागेल. आणि पहिली वायर कापण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला शेडमध्ये बोलवा. बाकीची कामं पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू शकतात, हे एक थांबत नाही.